आधी फटी, मग थर

बर्फ पडून गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इथल्या कुठल्याही गल्लीतून एक चक्कर मारावी आणि घरांच्या छपरांकडे बघावं. ज्या छपरावर बर्फ जाड आणि अखंड बसलाय, त्या घरातली ऊब घरातच आहे. ज्या छपरावर मधेच काळ्या शिंगल्सचे (छपरावर ठोकलेल्या डांबरी तुकड्यांचे) पट्टे उघडे पडलेत आणि वळचणीला हातभर लांबीचे बर्फाचे सुळे लोंबतायत, तिथे घर तापवायला जाळलेला गॅस वर आकाशात चाललाय. अमेरिकेतल्या मिनेसोटात राहायला लागल्यापासून घराची तब्येत अशी बाहेरून ओळखायची मला सवय लागली. आमचं घर दुसऱ्या प्रकारातलं होतं.

सेंट पॉलच्या उत्तरेला रोझव्हिलमध्ये 1955 साली बांधलेलं हे एकमजली घर. खाली तळघर, वर उतरतं छप्पर, आणि छप्पर व छत यांच्यामध्ये साधारण अकराशे चौरस फुटांचं ॲटिक. आढ्याखाली वाकून उभं राहता येतं, वळचणीकडे गेलं की पोटावर सरपटावं लागतं. 2022-23 च्या हिवाळ्यात मिनियापोलिस-सेंट पॉल विमानतळावर 90.3 इंच बर्फाची नोंद झाली, इथल्या नोंदींतला तिसऱ्या क्रमांकाचा बर्फ. त्याच फेब्रुवारीत आमच्या उत्तरेकडच्या खोलीत, छताच्या कोपऱ्याला पिवळट डाग उमटला आणि पसरत गेला.

छप्पर फुटलेलं नव्हतं, शिंगल्स तर तशा नव्याच होत्या. हे पाणी आइस डॅमचं होतं. घरातली गरम हवा ॲटिकमध्ये जाते, छपराच्या फळ्या आतून तापतात आणि बर्फाचा सगळ्यात खालचा थर वितळतो. ते पाणी बर्फाखालून उताराने वळचणीपर्यंत येतं. वळचण भिंतीच्या बाहेर असते, तिच्याखाली ऊब नसते. तिथे ते पाणी पुन्हा गोठतं आणि हळूहळू बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणारं पाणी त्या बांधामागे तुंबतं, शिंगल्सच्या खाली उलट्या दिशेने चढतं आणि खिळ्यांच्या भोकांतून छतावर टपकतं. तात्पुरता उपाय म्हणून लांब दांड्याच्या दाताळ्याने वळचणीवरचा तीन-चार फुटांचा बर्फ जमिनीवरूनच ओढून काढत राहिलो. बर्फ कुऱ्हाडीने किंवा हातोडीने फोडायला कोणी जाऊ नये, बर्फाबरोबर शिंगल्सही फुटतात.

पुढचा प्रश्न कंत्राटदाराचा. तिघांना बोलावलं. पहिला आला, ॲटिकच्या झडपेतून टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाला, "इन्सुलेशन, म्हणजे ऊब अडवणारा थर, चार इंचच आहे. बारा इंच ओतू, काम एका दिवसाचं." दुसरा वर बघायलाही गेला नाही, चौरस फूट विचारून गाडीतच दर लिहून दिला. तिसरा मात्र वर चढून सावकाश फिरून आला, आणि त्याने दोन वेगळे आकडे दिले: एक फटी बंद करण्याचा आणि एक इन्सुलेशन ओतण्याचा. फटींचा आकडा ओतण्याच्या आकड्यापेक्षा मोठा होता. नवरा म्हणाला, "मुख्य काम तर इन्सुलेशनचं आहे, मग फटींना एवढे पैसे का?" याचं उत्तर नीट मिळवायचं म्हणून आम्ही आधी घराची तपासणी करून घ्यायची ठरवली. इथे गॅस आणि विजेच्या कंपन्यांच्या योजनेतून ती सवलतीत होते.

तपासणीला आलेल्या मुलाने पुढच्या दारात लाल कापडाची एक चौकट घट्ट बसवली आणि तिच्यात मोठा पंखा लावला. याला ब्लोअर डोअर म्हणतात. पंखा घरातली हवा बाहेर खेचतो आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने कमी करतो. ताशी वीस मैलांचा वारा एकदम सगळ्या बाजूंनी घरावर येऊन आदळावा, साधारण तेवढा हा दाब. मग घराला जिथे जिथे फट आहे तिथून बाहेरची हवा आत घुसते, आणि पंख्याला मिनिटाला किती घनफूट हवा खेचावी लागते त्यावरून सगळ्या फटींचं एकत्र माप मिळतं. आमचा आकडा 2,650 आला. एवढ्याशा घराला तो फार होता.

खरा धडा त्याच्या इन्फ्रारेड कॅमेऱ्यात दिसला. बाहेर शून्य फॅरनहाइटच्या आसपास थंडी होती, म्हणजे उणे 18 सेल्सिअस. पंखा चालू असताना छताचा मधला सपाट भाग पडद्यावर बऱ्यापैकी एकसारखा दिसत होता. पण भिंत आणि छत मिळतात त्या रेषेवर जांभळे ओघळ उतरले होते. न्हाणीघराच्या पंख्याभोवती गडद वर्तुळ. स्वयंपाकघराच्या छतात बसवलेला प्रत्येक दिवा म्हणजे एक निळा ठिपका. आणि बाथरूम व स्वयंपाकघर यांच्यामधली, पाइप जाणारी आख्खी भिंत वरपासून खालपर्यंत गार. घराच्या मधोमध असलेली भिंत बाहेरच्या भिंतीपेक्षा थंड! तो मुलगा म्हणाला, "या भिंतीला वर झाकण नाही. एरवी तळघरातली हवा हिच्यातून थेट ॲटिकमध्ये जाते, आत्ता पंखा वरची गार हवा हिच्यातून खाली ओढतोय. आधी हे थांबवा, मग वर काय घालायचं ते घाला."

घरी बसून मी हिशोब केला. तो इथे लिहिते, कारण तो केल्यावरच नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. इन्सुलेशनची ताकद आर-व्हॅल्यूत मोजतात. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता कमी झिरपते. आमच्याकडे 1955 ची चपटी झालेली खनिज लोकर आणि तिच्यावर नंतर कोणीतरी टाकलेली थोडी गुलाबी फायबरग्लास, मिळून आर-11 धरू. आत 70 आणि बाहेर शून्य फॅरनहाइट असेल तर अकराशे चौरस फूट छतातून तासाला 7,000 बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं एकक) उष्णता जाते. आर-30 केलं तर ती 2,570 च्या आसपास येते. आर-49 केलं तर 1,570. म्हणजे पहिल्या एकोणीस अंकांनी जवळपास साडेचार हजार वाचले आणि पुढच्या एकोणीस अंकांनी फक्त हजार. थर जाड करत गेलं की मिळकत झपाट्याने घटते. आणि हा सगळा हिशोब छत अखंड आहे असं धरून. फटीतून हवाच निघून जात असेल तर ती आर-व्हॅल्यूला जुमानत नाही. फायबरग्लास हवा अडवतही नाही, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या साध्या फिल्टरमध्ये तीच वापरतात, हवा आरपार जावी म्हणून.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. थंडीत घरातली गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि वरच्या फटींतून निसटते. तिची जागा भरायला खालून, तळघराच्या फटींतून, बाहेरची गार हवा आत येते. पायांना गार वारा लागतो म्हणून लोक दाराखाली कापड कोंबतात, पण तो वारा ओढणारी फट बहुतेक वेळा डोक्यावर असते. म्हणून आम्ही ठरवलं की फटी आपण स्वतः बंद करायच्या. ते काम चिकाटीचं आहे, कौशल्याचं फारसं नाही, आणि आपल्या घरात आपण जेवढा वेळ देऊ तेवढा कोणी कंत्राटदार देणार नाही. विजेचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे, छपराला भोक पाडायचं काम रूफरकडे, म्हणजे छपरं करणाऱ्याकडे, बाकी आमच्याकडे.

वर हात घालण्याआधी एक तपासणी मात्र सक्तीची, आणि ती मी प्रत्येक ओळखीच्या माणसाला बजावून सांगते. जुन्या घराच्या ॲटिकमध्ये लोकर न दिसता करडे-सोनेरी, चकाकणारे, खड्यांसारखे हलके दाणे दिसले तर तिथल्या तिथे झडप बंद करावी. ते वर्मिक्युलाइट असतं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या वर्मिक्युलाइटचा मोठा भाग मॉन्टाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीतून यायचा आणि त्या खाणीत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून फुप्फुसात जाऊन जीवघेणे आजार करणारे खनिज तंतू, मिसळलेलं होतं. 1990 मध्ये ती खाण बंद झाली. 'झोनोलाइट' या नावाने हा माल घराघरांत गेला. आमच्यासाठी ही लांबची गोष्ट नाही. लिबीचं वर्मिक्युलाइट भाजून फुगवणारा एक कारखाना ईशान्य मिनियापोलिसमध्ये भर वस्तीत होता, 1989 पर्यंत. त्याचा टाकाऊ चुरा आसपासचे लोक फुकट नेऊन अंगणात आणि रस्त्यावर पसरायचे, मुलं त्या ढिगांवर खेळायची. त्याचे भोग लोकांनी पुढे अनेक वर्षं भोगले. वर्मिक्युलाइट दिसलं तर ते हलवायचं नाही, झाडायचं नाही, त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरायचं आणि प्रशिक्षित माणसं बोलवायची. आमच्याकडे ते नव्हतं. 1940 च्या आधीच्या घरांत चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेली उघडी जुनी वायरिंगही सापडते, तिच्यावर इन्सुलेशन टाकलं तर ती तापून आग लागू शकते. तीही आमच्याकडे नव्हती.

उन्हाळ्यात ॲटिकचं तापमान 120 फॅरनहाइटच्या वर जातं, तेव्हा तिथे काम करणं जिवावरचं. आम्ही 2023 च्या सप्टेंबरअखेरीस सुरुवात केली, पहाटे उठून, ऊन छपरावर चढायच्या आत. अंगभर पांढरा कागदी सूट, डोळ्यांना बंद गॉगल, तोंडावर बारीक धूळ अडवणारा पी-100 फिल्टरचा मास्क, कपाळावर दिवा. मी अंगाने लहान, म्हणून वळचणीकडची सगळी कामं माझ्याकडे. तुळयांवर आडव्या टाकायला प्लायवुडचे दोन तुकडे कापून घेतले होते, कारण दोन तुळयांच्या मधे पाय पडला की तो थेट खालच्या खोलीत जातो.

फटी शोधायच्या कशा? जुनी लोकरच दाखवते. हलक्या हाताने एकेक पट्टा उचलायचा आणि त्याचा खालचा भाग बघायचा. जिथून वर्षानुवर्षं हवा गेली आहे, तिथे लोकर काळी पडलेली असते. घरातली धूळ तिने गाळून धरलेली असते. पहिल्या काही पट्ट्यांनंतर मला नकाशाच मिळाला. काळा डाग दिसला की त्याच्या खाली भोक असणारच: वायर वर येण्यासाठी पाडलेलं, अंगठ्याएवढं भोक, भिंतीच्या वरच्या लाकडाची आणि ड्रायवॉलची (भिंतीला लावलेल्या जिप्समच्या पाट्यांची) उघडी राहिलेली फट, सांडपाण्याच्या पाइपाभोवती कापून ठेवलेला चौकोन. लहान भोकांना फोमचा फवारा, बारीक फटींना सीलंट, मोठ्या खिंडारांना आधी फोमबोर्डचा तुकडा कापून बसवायचा आणि कडेने फोम. आतल्या प्रत्येक भिंतीची वरची रेष अशी दोन्ही अंगांनी भरून घेतली. कंटाळवाणं काम आहे. पण मला त्यात खोल समाधान मिळत होतं, कारण गारव्याच्या सकाळी तळहात धरला की भोकातून येणारी ऊब स्पष्ट लागायची आणि फोम फुगून बसला की ती थांबायची.

पाइपांची ती मधली भिंत बघितली तेव्हा मी नवऱ्याला वर बोलावलं. चौदा इंच रुंद आणि सहा फूट लांब पोकळी, वर झाकण नाही, आत टॉर्च मारला तर थेट तळघराची जमीन दिसत होती. हिच्यावर कोणीतरी गुलाबी लोकर नुसती अंथरून ठेवली होती. पहिल्या कंत्राटदाराने याच्यावर बारा इंच ओतून पैसे घेतले असते आणि तळघरातली हवा तशीच वर वाहत राहिली असती. ही पोकळी जाड फोमबोर्डने झाकली, कडा भरल्या, पाइपाभोवती वेगळी पट्टी बसवली. अख्ख्या कामात सर्वांत मोठी भर या एका झाकणाने टाकली असं माझं ठाम मत आहे.

चिमणीपाशी फोम चालत नाही. आमची फर्नेस नवी आहे, तिचा धूर भिंतीतून प्लॅस्टिकच्या पाइपाने बाहेर जातो, पण पाणी तापवायची टाकी अजून जुन्या विटांच्या चिमणीतच धूर सोडते. चिमणी आणि लाकूड यांच्यात दोन इंच मोकळी जागा सोडायचा नियम आहे, आणि नेमकी तीच जागा म्हणजे घराभर जाणारी उभी फट. ती पत्र्याने बंद करायची आणि कडांना जास्त तापमान सोसणारं, आगीसाठीचं खास सीलंट लावायचं. मग चिमणीभोवती पत्र्याचं एक उंच कडं उभं करायचं, म्हणजे नंतर ओतलेलं इन्सुलेशन विटांना टेकत नाही. हे काम मी आदल्या रात्री कागदावर पत्रा आखून, मग कापून केलं. इथे घाई करू नये.

स्वयंपाकघरातले छतात बसवलेले दिवे जुन्या पद्धतीचे होते. अशा दिव्यांना इन्सुलेशन टेकलं तर ते तापतात, म्हणून भोवती तीन इंच जागा सोडावी लागते आणि प्रत्येक दिव्यापाशी थरात एक खड्डा राहतो. इलेक्ट्रिशियनने ते काढून इन्सुलेशनच्या संपर्कात चालणारे, हवाबंद एलईडी बसवले. न्हाणीघराच्या पंख्याची नळी तर ॲटिकमध्येच मोकळी सोडलेली होती. अंघोळीची सगळी वाफ वर्षानुवर्षं तिथेच जात होती, आणि छपराच्या फळ्यांतून खाली आलेल्या खिळ्यांची टोकं त्या ओलीने गंजली होती. थंडीत त्या टोकांवर पांढरा बर्फ धरतो आणि ऊन आलं की ठिबकतो. रूफरने छपरातून टोपी बसवून दिली, आम्ही इन्सुलेशन असलेली नळी तिला जोडली.

या दिवसांत आई चिपळूणहून रोज व्हिडिओ कॉल करायची. मास्क लावलेलं तोंड बघून म्हणाली, "अगं, माळ्यावर कशाला चढतेस? माणसं मिळत नाहीत का तिकडे?" मग तिने एक नेमका प्रश्न विचारला. आमचं तिकडचं घर कौलारू. कौलांच्या सांध्यांतून गरम हवा वर निघून जाते म्हणून तर आत बसवतं. "तू सगळी भोकं बुजवलीस तर उन्हाळ्यात गुदमरायला होणार नाही का?" तिला सांगितलं, आई, छपराची भोकं मी बुजवत नाहीये, छताची बुजवतेय. छपराखालून वारा खेळायलाच हवा. वळचणीखालच्या जाळीतून हवा आत यायची आणि आढ्याजवळून बाहेर जायची, तो रस्ता उलट मी मोकळा करतेय. उन्हाळ्यात ॲटिक भट्टीसारखं तापतं, तेव्हा तोच थर ती उष्णता खाली येऊ देत नाही. आणि घरात वारा हवा असेल तेव्हा खिडक्या उघडू. तिला ते पटलं. "म्हणजे तुमच्याकडे माळा घराबाहेरचा," ती म्हणाली. अगदी बरोबर.

तो रस्ता मोकळा ठेवण्यासाठी प्रत्येक दोन वाशांच्या मधे, वळचणीपाशी, थर्माकोलची पन्हळ ठोकावी लागते. तिला बॅफल म्हणतात. ती नसेल तर ओतलेलं इन्सुलेशन वळचणीत घुसतं आणि खालून येणारी हवा बंद होते. आमच्याकडे निम्म्या ठिकाणी जुनी लोकर आधीच कोंबलेली होती. पोटावर सरपटत, छपरातून आलेले खिळे डोक्याला लागू नयेत म्हणून हेल्मेट घालून, मी ती एकेक करून उपसली. मानेला रग लागली होती, पण हे टाळून चालत नाही. नंतर झडपेभोवती प्लायवुडची उंच चौकट केली, झडपेच्या पाठीला फोमबोर्ड चिकटवला, कडेला रबरी पट्टी लावली.

एवढं झाल्यावर ओतण्याचं काम म्हणजे उत्सवच. आम्ही सेल्युलोज निवडलं. ते बहुतांश जुन्या वर्तमानपत्रांच्या कोरड्या चुऱ्याचं असतं, आग आणि किडे यांच्यापासून बचावासाठी त्यात बोरेट मिसळतात. इंचाला साधारण आर-3.5 मिळतं, फुकून टाकलेल्या फायबरग्लासला त्याहून कमी. शिवाय ते दाट बसतं. जुनी लोकर कोरडी होती, म्हणून तिच्यावरच ओतलं. मधे प्लॅस्टिक अजिबात घालायचं नाही, नाहीतर ओल अडकते. घराच्या सामानाच्या मोठ्या दुकानांत ठरावीक गोण्या घेतल्या की फुकायचं यंत्र दिवसभरासाठी फुकट देतात. गोणीवर तक्ता छापलेला असतो: किती आर-व्हॅल्यूसाठी किती इंच आणि एका गोणीत किती चौरस फूट. आम्हाला आर-49 गाठायचं होतं, मिनेसोटात नव्या घरांना तेवढंच लागतं. त्यासाठी साठेक गोण्या आल्या.

मराठी मंडळातले दोन मित्र शनिवारी मदतीला आले. एक खाली ड्राइव्हवेवर यंत्रात गोण्या फोडून टाकत होता, दुसरा नळी खिडकीतून आत आणि झडपेतून वर सरकवत होता, मी वर नळीचं तोंड धरून बसले होते. तुळयांना आधीच कागदी पट्ट्या ठोकल्या होत्या, त्यांवर इंचांच्या खुणा. सगळ्यात लांबच्या कोपऱ्यापासून सुरू करायचं आणि झडपेकडे मागे सरकत यायचं. सेल्युलोज नंतर थोडं दबतं, म्हणून तक्त्यात दिलेल्या सुरुवातीच्या उंचीपर्यंत भरायचं. शेवटी गोण्यांची संख्याही ताडून बघायची. उंची बरोबर आणि गोण्या कमी असतील तर माल हवेने फुगलाय, दाट बसलेला नाही. यंत्र बंद-चालू करायला वर-खाली हाका ऐकू येत नाहीत, त्यामुळे फोनवर कॉल चालू ठेवून कानात इअरफोन घातले होते. दुपारी खाली उतरले तेव्हा पोह्यांचं पातेलं तयार होतं.

काम संपल्यावर अनेक जण थांबतात, पण एक चाचणी राहते आणि ती जिवाशी निगडित आहे. घर घट्ट केलं की पंखे, चिमणी यांचा मेळ बदलतो. न्हाणीघराचा पंखा, स्वयंपाकघराचा पंखा आणि कपडे वाळवायचं यंत्र एकदम चालू केलं तर घरातला दाब कमी होतो आणि पाणी तापवायच्या टाकीचा धूर चिमणीतून वर जायच्या ऐवजी तळघरात उलटू शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. तपासणीवाल्या मुलाला पुन्हा बोलावलं. त्याने सगळे पंखे लावून टाकीच्या तोंडाशी धूर धरला, तो वर ओढला जात होता. तरीही आम्ही झोपायच्या खोल्यांजवळचा आणि तळघरातला असे दोन्ही कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म नवे घेतले. पुढे टाकी बदलताना बंद ज्वलनाची, म्हणजे घरातली हवा न वापरणारी, किंवा हीट पंपवाली घ्यायची ठरलंय. ब्लोअर डोअरचा आकडा 2,650 वरून 1,800 वर आला होता.

खर्चाचं सांगायचं तर माल, इलेक्ट्रिशियन आणि रूफर मिळून तिसऱ्या कंत्राटदाराच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा कमी पैसा लागला. केंद्र सरकारच्या करसवलतीत इन्सुलेशन आणि फटी बंद करायच्या मालाच्या किमतीच्या 30 टक्के, वर्षाला जास्तीत जास्त 1,200 डॉलर परत मिळायचे, मजुरी त्यात धरत नसत. आम्ही 2023 च्या विवरणात फॉर्म 5695 भरून ती घेतली. ती सवलत 31 डिसेंबर 2025 रोजी संपली. गॅस कंपन्यांच्या सवलती वेगळ्या असतात, त्या काम सुरू करण्याआधी विचारून घ्याव्यात, कारण काहींना आधी तपासणीचा अहवाल लागतो.

बिलाबद्दल सगळे विचारतात. पुढचा हिवाळा, 2023-24 चा, ट्विन सिटीजच्या, म्हणजे मिनियापोलिस-सेंट पॉलच्या, नोंदींतला सर्वांत उबदार निघाला. त्या वर्षी प्रत्येकाचंच बिल कमी आलं, त्यामुळे नुसत्या डॉलरांवरून काही कळलं नसतं. मी बिलातले गॅसचे थर्म (गॅसचा वापर मोजायचं एकक) घेतले आणि त्यांना त्या महिन्याच्या हीटिंग डिग्री-डेजने भागलं. दिवसाचं सरासरी तापमान 65 फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे अंक. हवामान खातं ते रोज प्रसिद्ध करतं. असा भागाकार केला की उबदार आणि कडाक्याचं वर्ष एका मापाने मोजता येतं. आमचा गॅस प्रति अंक सुमारे एक-पंचमांश कमी झाला, आणि 2024-25 च्या जास्त थंड हिवाळ्यातही तो आकडा तिथेच राहिला. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे की उत्तरेची खोली आता बाकी घराएवढीच उबदार असते आणि सासूबाई आल्या की तिथेच झोपतात.

अजून एक जागा राहिली आहे. तळघराच्या भिंतीवर जिथे घराचा लाकडी सांगाडा टेकतो, त्या कडेला रिम जॉइस्ट म्हणतात. वरच्या फटी बंद झाल्या तरी गार हवा तिथून आत येतेच, फक्त आता कमी जोराने. दर दोन तुळयांच्या मधल्या प्रत्येक खणाचं माप घेऊन दोन इंची फोमबोर्डचे तुकडे कापायचे आणि कडेने फोम भरायचा, एवढंच काम आहे, तेही उभ्याने करता येणारं. उत्तरेकडची बाजू झाली, पूर्वेकडचे खण मापून झालेत.